पाहुणी

५ डिसेंबर, सकाळी
गोरक्षभाऊच्या प्रचाराची भाषा आजपासून आपल्याकडे. सरपंचपदाला समोर झुंबरबाई. बाई कामाची आहे, त्यामुळे पाणी, रस्ता हे विषयच काढायचे नाहीत. पब्लिकला मुद्दा नको, शब्द हवा. बाई लग्न होऊन श्रीगोंद्याहून आलेली. झालं! शब्द: पाहुणी. याला फ्रेमिंग म्हणतात. यूट्यूबवर पाहिलंय.

७ डिसेंबर
रेकॉर्डिंग माझ्याच आवाजात. ‘पाहुणीला पाहुणचार, गावच्या लेकाला कारभार!’ रिक्षा दिवसभर फिरतेय. भाऊ म्हणाला, लई भारी. कालपर्यंत टपरीवर टँकरवरून भांडणारे आज फक्त पाहुणीवर बोलतात. बायकोला, राजेश्वरीला विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, भाजीला मीठ पुरेसं आहे ना. दमली असेल.

९ डिसेंबर, दुपारी
राजेश्वरी माठाशी गेली आणि तिनं मला विचारलं, पाणी घेऊ का? स्वतःच्या घरात! नंतर, इथे बसू का? थट्टा असावी. चेहरा थट्टेचा नव्हता.
तेवढ्यात रिक्षा आली. आमच्या शिंगणापुरात घराला दार नाही, आवाज थेट आत. माझाच आवाज माझ्या घरात शिरून माझ्या बायकोकडे बघतोय असं वाटलं. पडदा ओढला. डोंबलाचा उपयोग!

११ डिसेंबर
घरोघर प्रचार. साळूबाई मला लहानपणापासून बाळा म्हणतात. आज म्हणाल्या, आमी पाहुण्या, आमाला काय कळतंय? पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढेही तेच. कुणी भांडलं नाही. नुसत्या बघत राहतात. पण अनुभव सांगतो, गप्प माणूस म्हणजे आपलं मत.

१२ डिसेंबर
गावची पोर आपण गावात देत नाही. म्हणजे घरोघरची प्रत्येक सून बाहेरची. भाऊ खवळला, आधी का नाही सुचलं? त्याची आईही नेवाशाची, त्याला तरी कुठे सुचलं? रिक्षा बंद केली. तरी ऐकू येतेच. भांडी वाजली की, पंखा फिरला की. माझाच आवाज. झोप नाही. ॲसिडिटी असणार.

२० डिसेंबर, निकाल
भाऊ पडला. मशीनमध्ये गडबड. झुंबरबाईंच्या मिरवणुकीत सगळ्या सुना होत्या, राजेश्वरीसुद्धा. गुलाल लावलेली. इतकी हसताना कधी पाहिली होती, आठवेना.
पुढच्या वेळी दुसरा शब्द.

२० डिसेंबर, संध्याकाळी
घरी आलो. दार नाही, तरी उंबऱ्याशीच थांबलो. राजेश्वरीनं पाण्याचा तांब्या आणला, खुर्ची पुसून दिली. म्हणाली, बसा ना, चहा घेऊनच जा.
बसलो.