गॅरेजमागचा खड्डा

अण्णा, तुम्ही कुणाचाच भरवसा धरत नव्हता. मेन स्विच बंद केल्यावरही फ्यूजची ग्रिप उपसून खिशात टाकायचात, वर टेस्ट लॅम्प लावून बघायचात, आणि मग पुन्हा एकदा बघायचात. आई म्हणायची, हे पाटावर बसतानासुद्धा पाट हलवून बघतात. मिलमध्ये वायरमन म्हणून हयात काढलेल्या माणसाला ते शोभतही होतं. फक्त एकाच माणसानं तपासलेली वायर तुम्ही न तपासता हातात घ्यायचात. ते काका. तुमच्याच खात्यातले, वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारे, नुकतीच बौद्ध दीक्षा घेतलेले. तुम्ही दोघं एका डब्यात जेवायचात.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली ती वर्षं. दादरच्या एका डॉक्टरांनी मोटार विकली आणि घरामागच्या रिकाम्या गॅरेजात हौसेचं वर्कशॉप थाटायचं ठरवलं. एक लेथ, एक ड्रिल, धार लावायचा दगड. दर रविवारी तुम्ही, काका आणि मी तिथे जाऊ लागलो. डॉक्टरांनी वायरिंगचा छान नकाशा काढून ठेवला होता. तुम्ही तो घडी घालून त्यांच्याच हातात दिलात. म्हणालात, "डॉक्टरसाहेब, लेथवर उभे राहा."

"लेथ अजून आलंय कुठे?"

"आलंय असं समजा. आता बाही अडकली. मोकळा हात कुठे जातो?"

डॉक्टरांचा डावा हात घाबरून भिंतीकडे गेला. तुम्ही तिथेच खडूनं फुली मारलीत. लेथचा स्विच तिथे. दिव्यांची लाइन वेगळी, मशीनची वेगळी, कारण मशीनचा फ्यूज उडाला तरी ते पूर्ण थांबेपर्यंत माणसाला दिसत राहिलं पाहिजे. मी बाजूला उभा राहून बघतोय आणि मनात म्हणतोय, या माणसाच्या हाताखाली चूक करायची सोय नाही.

अडलं ते अर्थिंगपाशी. गॅरेजमागे कमरेइतका खड्डा, तळाशी तांब्याची पाटी, वर कोळसा आणि मिठाचे थर, हा तुमचा नेम. पण त्या दिवसांत दादरमध्ये खड्डा खणणं म्हणजे गॅलऱ्यांत माणसं गोळा करणं. कुणीतरी चौकीवर सांगितलं. हवालदार आला, त्यानं काठीनं ढोसून बघितलं. "कोळसा कळला. मीठ कशापायी? मढं पुरताय का काय हितं?" तुम्ही त्याला वीज जमिनीत कशी उतरते ते समजावू लागलात, तसा त्याचा संशय वाढत गेला. त्यानं तिघांची नावं वहीत लिहून घेतली. डॉक्टर घाबरले, खड्डा बुजवायला लावला. पुढच्या रविवारी पुन्हा खणू, असं ठरलं.

पुढच्या रविवारी तुम्ही सभेला गेलात. काका आत बोर्ड बसवत होते, खड्डा माझ्याकडे. मी मागे गेलो तर तोच हवालदार कोपऱ्यावर उभा. माझगावच्या गोदीत माझी नोकरी ठरत आली होती, फक्त पोलिसांचा दाखला यायचा होता. मी कुदळ उचललीच नाही. तांब्याची पाटी पोत्याखाली सरकवली, अर्थची वायर भिंतीलगतच्या पाण्याच्या पाइपाला आवळली, वर लाकडी पट्टी ठोकली आणि तासभर नुसता बसून राहिलो. आत गेलो तेव्हा काकांनी शिडीवरूनच विचारलं, "अर्थ झाली काय रे?" मी म्हटलं, "झाली, काका." तुमचा मुलगा म्हणून त्यांनी ते खरं मानलं.

तो पाइप गच्चीवरच्या टाकीतून उतरलेला, जमिनीत गेलेलाच नव्हता. लेथच्या मोटरमध्ये बिघाड झाला आणि डॉक्टरांच्या पत्नीनं, म्हणजे बाईंनी, त्या पाइपावरच्या नळाला हात लावला. त्या फेकल्या गेल्या, मनगट मोडलं. जीव वाचला हेच खूप. दुसऱ्या दिवशी तुम्ही पट्टी उखडलीत आणि वायर पाइपापर्यंत बोटानं चाचपत नेलीत. "कुणी लावली?" काकांनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मी हातातली पक्कड पुसत होतो. त्या रविवारी काका पाणी प्यायला त्या नळावर गेले होते, हे बाईंना नेमकं आठवत होतं, आणि त्यांनी ते सांगितलं. तुम्ही काकांकडे वळलात. "घाई होती तर सांगायचंस. लोकांच्या जिवाशी खेळ कशाला?"

काकांनी पिशवी उचलली. "वायर तीन-तीनदा तपासतोस तू. मला एकदा विचारायचं तरी होतंस."

त्यानंतर तुम्ही खात्यात एकटे जेवू लागलात. मला दाखला मिळाला, नोकरीही. पुढे महाराष्ट्र झाला, चाळीत पेढे वाटले गेले. वरळीला पेढे घेऊन जा, असं तुम्ही म्हणाल म्हणून मी दारात घुटमळलो. तुम्ही म्हणाला नाहीत, आणि मला बरंच वाटलं.

काका आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी तुम्हाला न सांगता त्यांच्याकडे गेलो होतो. सगळं कबूल करायचं, असं जिन्यावर ठरवलं होतं. खोलीत गेलो आणि तोंडातून निघालं, "अण्णांनी पाठवलंय. चुकलं म्हणाले."

"तो म्हणाला? स्वतःच्या तोंडानं?"

"हो."

"मग आला का नाही रे?"

मी तुमच्या गुडघेदुखीचं निमित्त पुढे केलं. काका माझ्याकडे बघतच मुलीला म्हणाले, "याला चहा दे." त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि त्यांनी माझी लाज राखली, असा माझा संशय आहे. महिनाभरात ते गेले. तुम्ही माफी मागितल्याचं तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

हे पत्र कुठेच टाकायचं नाही. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, अण्णा, तुम्ही आता काही विचारणार नाही. विचारू शकेल ती काकांची मुलगी. ती अजून वरळीलाच राहते, आणि तिचा पत्ता मला पाठ आहे.