रात्रीच्या दुर्बिणीची चुंबळ

शुक्रवार पेठ, सोलापूर
रविवार, दुपार

प्रिय मित्र हरिदास यास,

माझा सलाम, साबेराचा सलाम, आणि तुला जयभीम वेगळा. आम्ही इकडे खुशाल आहोत. अकलूजला ऊन कसं आहे, येसूवहिनींचा गुडघा कसा आहे आणि तुझी मान कशी आहे, ते सविस्तर कळव. (मानेचं उगाच विचारत नाही. पण ते पुढे.) फोन केला असता, पण फोनवर तू मधेच बोलतोस.

पत्रास कारण तुझी लेक. बुद्धप्रिया मंगळवारी पुण्याहून आली ती एक हेल्मेट घेऊन थेट माझ्या दुकानात. तिच्या कारखान्यात जवानांसाठी अंधारात बघायची दुर्बीण बनते, ती हेल्मेटच्या पुढे कपाळावर बसते, हे तुला माहीत आहेच. दिसतं झकास, पण तासाभरात मान अवघडते आणि कपाळावर वळ उठतो. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला चाचणी आहे. चार तास डोक्यावर ठेवून वळ उठला नाही तर पोरीचं डिझाइन पास. उठला तर तिची दोन वर्षांची मेहनत कपाटात. म्हणाली, "काका, तीन इंजिनिअर झाले, आता तुम्ही बघा." हरिदास, मी सातवी नापास माणूस, कुणी काही शिकवलं नाही, पण तीस वर्षं स्कूटर, रिक्षा आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवतोय आणि बसलेल्या माणसाची एक तक्रार नाही. बूड आणि डोकं यांत फारसा फरक नसतो (काही माणसांत तर अजिबातच नसतो), हे मी तिला नीट समजावलं.

खरी दुर्बीण बाहेर आणायला परवानगी नाही, म्हणून तिने तेवढ्याच वजनाचा लोखंडी ठोकळा दिला होता. मला तो पटला नाही. दुर्बीण चार बोटं पुढे निघालेली, आणि ठोकळा चपटा. मी भंगारातून नळाची एक पितळी तोटी शोधली, कानस मारून बरोबर पाचशे तीस ग्रॅमवर आणली आणि हेल्मेटच्या कपाळावर बोल्टने बसवली. चार तास काढायचे म्हणून तसाच स्कूटरवर कामाला निघालो. आपल्या गावात तोटी दिसली की माणूस पहिलं काय विचारतो, तुला ठाऊक आहे. पेठेच्या कोपऱ्यापर्यंत सात जणांनी विचारलं, "चाचा, पाणी आलं का?" एक बाई तर घागर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत मागे आली. चौकात हवालदाराने अडवलं. मी म्हटलं, हेल्मेट तर घातलंय की. तो म्हणाला, म्हणूनच अडवलं.

तेवढ्यात मान पुढे ओढायला लागली. तराजूचा नियम मला पाठ आहे, पुढे जेवढं तेवढं मागे. दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूला पिशवी शिवली आणि तिच्यात शेंगाचटणी भरली, पाचशे तीस ग्रॅम, काट्यावर तोलून. तोल असा आला की विचारू नकोस. पण उन्हाने चटणीचं तेल सुटलं आणि मानेवरून पाठीत उतरलं. साबेरा म्हणाली, आजपासून जेवताना तुम्ही पुढे बसा, मी भाकरी घेऊन मागे बसते. वळ मात्र उठलाच. एक इंच दोन सूत.

तो वळ मी आरशासमोर पट्टीने मोजत होतो, तेव्हा दारात गुरम्मा उभी. (मेथीवाली. जन्म गेला डोक्यावर पाटी घेऊन.) पाटी न उतरवताच हसायला लागली. म्हणाली, "वजन टोचत न्हाय ओ चाचा, हलतंय ते टोचतंय. तुमची चुंबळ कुटं हाय?" हरिदास, मी पट्टी खाली ठेवली. जुन्या लुगड्याचा एक पिळा, त्यावर वीस किलोची पाटी, आणि बाई दोन्ही हात सोडून जुड्या बांधते! आपल्या आया जन्मभर हेच करत आल्या, आणि तीन इंजिनिअर व चौथा मी फोम कापत बसलो. लगेच सोलापुरी टॉवेलचा मऊ पिळा करून हेल्मेटच्या आत गोल बसवला, कपाळापाशी दोन बोटं मोकळा सोडून. चटणीच्या जागी पोरीने डिझाइनमध्ये दुर्बिणीची बॅटरी मागे नेली, आणि इथे तेवढ्याच वजनाचा लोखंडी तुकडा ठेवला. (ही कल्पना चटणीवरून सुचली, असं तिने कुठेतरी लिहून ठेवावं.) काल पाच तास घातलं. जेवलो, रिक्षाची सीट शिवली, डुलकीही काढली. उतरवून बघतो तर कपाळ कोरं. बुद्धप्रिया माझ्या कपाळाकडे बघत राहिली, मग फोमच्या ढिगावर बसून हसता हसता डोळे पुसायला लागली. मीही उगाच सुईत दोरा ओवत बसलो.

तर सगळं उत्तम आहे, काळजी नसावी. वहिनींना सलाम.

तुझा
पीरसाब सीटवाला

ता. क. साबेराने पत्र वाचलं. पिळा तिने घातला आणि मी तो फक्त तीनदा उसवायला लावला, हे लिहा म्हणते. लिहिलं.

दुसरा ता. क. चाचणीला लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन चुंबळी द्यायच्या आहेत. लहान साबेराच्या डोक्यावर बेतली, मध्यम माझ्या. मोठीसाठी पेठेतली अकरा डोकी मोजली, एकही भरलं नाही. शाळेत गुरुजी मला रोज म्हणायचे, जरा हरिदासचं डोकं बघ. तेव्हापासून बघतोय, सबंध जिल्ह्यात तेवढं दुसरं नाही. पुढच्या रविवारी पहिल्या एसटीने ते घेऊन ये. चार तास तोटी लावून बसायचंय, म्हणून मानेचं विचारलं.

तिसरा ता. क. येण्याआधी केस कापू नकोस, माप एक सूत चुकतं. वहिनींच्या हातच्या चार भाकरी मात्र आण. चटणी आहे. तेल तेवढं कमी आहे.