बाबांचे मोजे आणि तेवीस भोपळे

डायर्सबर्गजवळ, टेनेसी
१७ फेब्रुवारी

आदरणीय आयडेल आत्या,

तुझ्या भाचीचा टेक्सासपर्यंत पोचेल एवढा मोठा नमस्कार. गुडघा कसा आहे? (नवा नव्हे, जुना. नव्याबद्दल तू नाताळच्या पत्रात पाच पानं लिहिली होतीस.) तू पाठवलेलं भेंडीचं लोणचं पोचलं आणि संपलंही. बाबांनी ते बरणीतूनच खाल्लं आणि म्हणाले, आयडेल व्हिनेगर घालताना हात आखडत नाही. ऑक्टोबरपासून त्यांच्या तोंडून निघालेलं हे एकच कौतुक, म्हणून मुद्दाम कळवते.

आता त्यांच्या तब्येतीचं. ऑक्टोबरातला अर्धांगवायूचा झटका उजवा पाय घेऊन गेला, जीभ शाबूत ठेवून गेला (उलटं झालं असतं तर घरात शांतता नांदली असती, असं तुझा भाचा ड्वाइट म्हणतो). डॉक्टर म्हणतात, रोज मागच्या दारापर्यंत चाला. बाबा विचारतात, मागच्या दाराशी काय ठेवलंय? वॉकरचा उपयोग ते टोपी अडकवायला करतात. ईस्टरपर्यंत चालायला लागले नाहीत तर ड्वाइट त्यांना नॅशव्हिलला वृद्धाश्रमात ठेवणार. खोली बघून झाली आहे. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. मग हे घर बंद, आणि घर बंद म्हणजे मार्टिन पक्षीही बंद, हे तुला मी काय सांगणार? या पाकोळ्या ब्राझीलहून एवढ्या लांब येतात त्या माणसाच्या परसात राहायला. माणसाची ये-जा थांबली की त्याही पाठ फिरवतात. तर बाबांनी जाहीर केलं की यंदा खांबावर त्यांच्या घरट्यांचे पोकळ भोपळे टांगायचे नाहीत. म्हणून मी टांगायचं ठरवलं. (मी, जिने सेहेचाळीस वर्षांत त्या खांबाचा उपयोग फक्त कपडे वाळवायची दोरी बांधायला केला, आणि त्यासाठी बोलणी खाल्ली.)

दर वर्षी बाबा हिवाळ्याआधीच भोपळे साफ करून ठेवतात. यंदा ते राहिलं. तेव्हा आत सुकलेला चिखल, पालापाचोळा आणि एकात गाढ झोपलेल्या गांधीलमाश्यांचं अख्खं कुटुंब. सगळे भोपळे ब्लीच घालून मी आंघोळीच्या टबात भिजवले, त्यामुळे घरात दोन दिवस आंघोळीला सुट्टी. ज्यांना भोपळे टांगायचेच नव्हते, ते पलंगावरून सारखे सूचना देत होते: घासू नकोस, खरवड, दोरी तपास, तुझ्या आईलाही हे जमायचं नाही. एक मी ओव्हनमध्ये वाळवायला ठेवला. चोवीस होते, आता तेवीस आहेत.

टांगून दहा मिनिटं झाली नाहीत तोच चिमण्या बिऱ्हाड घेऊन हजर. मार्टिन येईपर्यंत दारं बुजवून ठेवायची असतात. त्याची बुचं कुठे आहेत ते बाबा सांगेनात, रुसले होते. मग मी त्यांचे मोजे कोंबले. अकरा जोड आणि एक बिनजोडीचा, बरोबर तेवीस. दुसऱ्या दिवशी पाद्री टॉलिव्हर प्रार्थनेला आले, खिडकीतून खांबाकडे बघत राहिले, आणि त्या दिवशीची बरीचशी प्रार्थना त्यांनी माझ्यासाठी केली.

काल सकाळी मी मक्याचा पाव ओव्हनमध्ये सरकवत होते, तेवढ्यात खोलीतून हाक आली, "रो, आला." मी बाहेर धावले. एकटाच नर होता, उन्हात काळा-जांभळा चमकणारा. तो एकेका भोपळ्यापाशी जाई, मोज्यात चोच खुपसे आणि परत फिरे. मी खांब खाली घ्यायला गेले तर तो खाली-वर करायचं हँडल अडकलेलं. मी ओढतेय, लोंबकळतेय, आणि तो तारेवर बसून पलीकडच्या शेताकडे बघतोय. बाबा काचेवर धपाधप मारत होते. मग तो आवाज थांबला. मला वाटलं, चिडून पलंगावर पडले.

मागचं दार उघडलं. नाइटशर्ट, अनवाणी पाय, आणि वॉकर (टोपी अजून त्यावरच). दारापासून खांब माझ्या पावलांनी बावीस पावलं आहे. त्यांना किती लागली ते मोजायची माझी छाती झाली नाही. मी मदतीला गेले नाही आत्या, जागची हललेच नाही. ते आले आणि म्हणाले, "उलटं फिरव, अर्धा फेरा. चाळीस वर्षं उलटंच फिरवतोय." खांब सुळकन खाली आला. पहिला मोजा त्यांनीच उपटला. तो मी त्यांच्या पायात घालायला वाकले, तर म्हणाले, "आधी त्याचं दार उघड. माझे पाय कुठे जात नाहीत."

पुढचा तासभर ते उलट्या बादलीवर बसले होते, पायांत माझे लोकरीचे हातमोजे. पक्षी वर बसून एकसारखा बडबडत होता, आणि खाली बाबाही.

ड्वाइटला फोन केला. तो म्हणाला, एक दिवस चालणं म्हणजे चालणं नव्हे. त्याचंही खरं आहे.

तुझी,
रोवेना

ता. क. खरं तर एवढ्यासाठीच लिहिते आहे. तुझ्याकडे मार्टिन आमच्या महिनाभर आधी येतात आणि दर वर्षी तू फोन करून मिरवतेस. रविवारी फोनवर बाबा विचारतील. तेव्हा सांग, अजून आले नाहीत. एकदा तरी त्यांना पहिलं येऊ दे. तू चर्चमध्ये ऑर्गन वाजवतेस हे मला माहीत आहे, तरी थोडं खोटं बोल.

ता. क. २. पत्र टेबलावर राहिलं आणि बाबांनी वाचलं. ते म्हणतात, लिही: आयडेलचे पक्षी वीस जानेवारीलाच आले असणार, आणि ही चार आठवडे कीव करून गप्प बसली आहे. मी रोज फोनपाशी बसून होतो. नक्की तारीख कळव. (मग म्हणाले, "आणि विचार तिला, एकटीला खांब उचलवतो का.")

ता. क. ३. पत्र स्वतः पेटीत टाकणार म्हणून हटून बसलेत. पेटी पार रस्त्याच्या कडेला, रात्रभर पाऊस झालेला, आणि मी बरोबर यायचं नाही. तेव्हा इथेच थांबते. पाकिटाला चिखल लागला असेल तर पुसू नकोस. तसंच ड्वाइटला पाठव.