एकशे शेहेचाळीस नंबरचा लाल ठिपका

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे अर्ध्यावरच थांबलो आहे, उरलेला वाकलो असं समजून घे.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे भावोजींकडून कळलं. थेंब वेळच्या वेळी घालतेस ना? डोळा चोळू नकोस, जड उचलू नकोस आणि शेजारणीशी बोलताना मान फार जोरात हलवू नकोस. भावोजींचा खोकला कसा आहे? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरी खुशाल फक्त तुझी भावजय आहे, कारण तिला अजून मी काहीच सांगितलेलं नाही.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "मुद्द्यावर ये" म्हणतेस, आणि हा मुद्दा असा आहे की त्याच्यावर यायला मला चार पानं तरी लागतील. शिवाय माझा आवाज ऐकला की मी काहीतरी निस्तरायचं बाकी ठेवलंय हे तुला लगेच कळतं. लहानपणी फळीवरची काचेची मोठी बरणी फुटली होती ती आठवते? मांजराने पाडली होती, पण तू जवळ उभी होतीस म्हणून आईने धपाटे तुला घातले आणि तू अवाक्षर काढलं नाहीस. जवळ उभं असेल त्याने मार खायचा, ही आपल्या घराची रीत तेव्हापासूनच पडली असावी. पण ते पुढे येईल.

मी सध्या एक तीन मजली इस्पितळ बांधतोय हे तुला माहीत आहे. मालकीण म्हणजे एक डॉक्टरीणबाई. बोलतात कमी, पण प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहतात (फार वाईट सवय). त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली की इमारत आधी काँप्युटरमध्ये बांधायची आणि मग जमिनीवर. बिम म्हणतात त्या पद्धतीला. भिंती, तुळया, नळ, वायरी, एसीचे पत्र्याचे डक्ट, सगळं एकाच चित्रात आपापल्या खऱ्या मापाने उभं करायचं, आणि एकाच जागेवर दोन वस्तूंनी हक्क सांगितला की तिथे लाल ठिपका उमटतो. मला हे म्हणजे लग्नाआधी एकदा खोटं लग्न लावून बघण्यासारखं वाटलं. तुझी लेक टाचणी नेमकं हेच शिकून आली होती, म्हणून मी तिला बोलावून घेतलं. (घरची मुलगी, तिला अनुभव मिळेल, असं तुला तेव्हा सांगितलं होतं. बाहेरचे लोक दुप्पट मागत होते, हे सांगायचं राहून गेलं.)

आता माझी पद्धत तुला ठाऊक आहे. एकतीस वर्षं मी "साइटवर बघू" या दोन शब्दांवर इमारती उभ्या केल्या. नकाशे प्लंबरचे वेगळे, वायरमनचे वेगळे, एसीवाल्याचे वेगळे, आणि कोणीही दुसऱ्याचा नकाशा बघत नाही, कारण आपलाच कोणी धड बघत नाही. छताखालच्या जागेचा नियम साधा असतो, पंक्तीत आधी बसेल त्याने पाय पसरावेत. प्लंबर आधी येतो आणि सरळ वाट धरतो. वायरमन उरलेल्या जागेतून काढतो. एसीवाला सगळ्यात शेवटी सगळ्यात मोठं धूड घेऊन येतो आणि बोंबलतो. मग मी जातो, कमरेवर हात ठेवून वर बघतो आणि निवाडा देतो. मिस्त्री लोक मला मागून "ओळंबा" म्हणतात, कारण भिंत सूतभर जरी कलली असली तरी ती मला नुसत्या नजरेने कळते. या नावाचा मला फार अभिमान होता, ताई. आता कोणी हाक मारली तर मी दुसरीकडे बघतो.

टाचणीने दोन महिने खपून इस्पितळ काँप्युटरमध्ये उभं केलं. तिचं टेबल साइटवरच्या माझ्या पत्र्याच्या खोलीत होतं, एका बाजूला सिमेंटची पोती आणि दुसऱ्या बाजूला मी. दुपारी पत्रा तापला की ती ओलं फडकं डोक्यावर टाकून काम करायची. मग एका सकाळी तिने मला बोलावून पडदा दाखवला. सगळ्या इमारतीवर लाल ठिपके, दोनशे सतरा. मी म्हटलं, काँप्युटरला गोवर आलाय, त्याला घरी ठेव. प्लंबर इतका हसला की त्याला ठसका लागला. ती हसली नाही. आठ दिवस द्या, म्हणाली, तिघांना एकत्र बसवून एकेक ठिपका मिटवते, इथे पाइप सरकवायला एक बोट लागतं, साइटवर सहा माणसं लागतील. आणि मी, सर्वज्ञ, म्हणालो की आठ दिवस सहा माणसं बसून राहिली तर त्यांची मजुरी कोण देणार, तुझं बोट?

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाई मॉडेल बघायला येणार होत्या. बाईंनी ते लाल बघितलं असतं तर काम थांबवलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. टाचणीने मला हौसेने एक युक्ती शिकवून ठेवली होती. पडद्याच्या कडेला एक छोटा डोळा असतो. तो मिटला की ती गोष्ट दिसेनाशी होते, म्हणजे भिंतीचा डोळा मिटला की आतले पाइप दिसतात. (त्या यंत्रातलं मला एवढंच येतं. नेमकं एवढंच यायला नको होतं.) ती नकाशांच्या प्रती काढून आणायला गेली, बाईंची गाडी फाटकाशी आली आणि मी लाल ठिपक्यांचा डोळा मिटला. इमारत कशी न्हाऊन-माखून बसल्यासारखी दिसायला लागली. बाईंनी चारही बाजूंनी बघितली, विचारलं, अडचण काही? मी म्हटलं, छे. त्यांनी सही केली. टाचणी धापा टाकत परत आली तेव्हा गाडी निघून गेली होती. ठिपक्यांचं काय ठरलं, असं तिने विचारलं. माझं सगळ्यांशी बोलणं झालंय, असं मी सांगितलं. मामा म्हणतोय म्हणजे झालं असेल, असं तिला वाटलं. ती विश्वास ठेवते हा तिच्यातला एकच दोष आहे, आणि तो मला लहानपणापासून सोयीचा पडत आला आहे.

पुढचे चार महिने काम झपाट्याने झालं. आठ दिवस वाचवले म्हणून मी प्लंबरसमोर मिशीला पीळही दिला. मग मागच्या महिन्यात बाईंनी रंगीत तालीम ठेवली. खालून पेशंट स्ट्रेचरवर घ्यायचा, दुसऱ्या मजल्यावर ऑपरेशनच्या खोलीपर्यंत न्यायचा आणि वाटेत काय अडतं ते बघायचं. पेशंट कोण होणार, असा प्रश्न निघाला. माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी पुढे झालो. पांघरूण घेतलं, उशाला सलाइनची दांडी उभी केली, वायरमनने "फार सोसलं हो" म्हणून डोळे पुसले. लिफ्टपर्यंत सगळं झकास झालं.

दुसऱ्या मजल्यावर बोळ सुरू झाला आणि वर खण्णकन आवाज झाला. सलाइनची दांडी छताला थडकली होती. झालं असं होतं की पाइपाने सरळ वाट धरली, म्हणून डक्ट त्याच्या खालून गेला, म्हणून त्याच्याखालचं खोटं छत सव्वा फूट खाली आलं. हे मला खालून चालताना कधी जाणवलं नाही, कारण आपण दोघंही बाबांच्या उंचीवर गेलो. छताचा एक तुकडा माझ्या पोटावर पडला. दांडी आडवी करून मला पुढे ढकललं, तर वळणावर स्ट्रेचर अडकलं. तिथे सांडपाण्याचा पाइप झाकायला प्लंबरने कोपऱ्यात विटांचं एक खोकं बांधलं होतं. मला मागे घेतलं, पुढे घेतलं, तिरपं केलं. एका बाजूला खोकं, एका बाजूला भिंत, आणि मध्ये मी पांघरुणात. मग बाईंनी टाचणीला विचारलं, "हे तुझ्या मॉडेलमध्ये दिसलं नव्हतं?"

ती माझ्या पायांशी उभी होती, लॅपटॉप हातात उघडाच. तिने पडद्याकडे बघितलं, आणि कडेचा तो मिटलेला डोळा तिला दिसला. हे मला कसं कळलं? तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं तेव्हा कळलं. एक बोट लावलं असतं तर दोनशे सतरा ठिपके बाईंसमोर उघडे पडले असते, तारखेसकट. ताई, मी आडवा होतो, पेशंट होतो, आणि मी डोळे मिटून घेतले. माणसं गुंगीत असतात तसा पडून राहिलो. टाचणी म्हणाली, "माझ्याकडून राहिलं असेल."

एवढंच. बाई म्हणाल्या की मग एवढा काँप्युटर कशाला केला, आणि निघून गेल्या. संध्याकाळी टाचणीने टेबल आवरलं, खोलीची किल्ली माझ्या हातात दिली आणि येते मामा म्हणाली. तुला तिने काम संपलं असं सांगितलं, हे मला माहीत आहे, कारण तू फोन करून पोरीला शिकवलंस म्हणून माझे आभार मानलेस.

परवा तिच्या टेबलाच्या खणात एक कागद सापडला. दोनशे सतरा ठिपक्यांची यादी, आणि एकशे शेहेचाळीस नंबरपुढे पेन्सिलीने, बारीक अक्षरात, "मामा, पाइप चार इंच डावीकडे. मग डक्ट शेजारून जातो, छत उतरत नाही, कोपऱ्यात खोकं नको." वर तारीख होती, बाई येण्याच्या आदल्या दिवसाची. चार इंच, ताई. माझा पंजासुद्धा यापेक्षा लांब आहे. ते तेव्हा फुकटात झालं असतं. आता छत उतरवायचं, डक्ट काढायचा, खोकं फोडायचं, लाद्या बदलायच्या, आणि इस्पितळ दीड महिना उशिरा उघडायचं. तोडफोडीचा अंदाज काढला, त्या पैशात टाचणीचा तीन वर्षांचा पगार निघाला असता, तोही दुप्पट मागणाऱ्यांच्या हिशेबाने. हा तर एक ठिपका झाला. बाकीच्यांपैकी किती छतांच्या आत दडून बसलेत ते मी अजून मोजलेलं नाही.

पैशांचं मी फेडीन. पण रात्रंदिवस डोक्यात एकच येतं की पोरगी एका बोटाने स्वतःला सोडवू शकत होती, आणि तिने ते बोट उचललं नाही. ती तुझ्यावर गेली आहे. मी कोणावर गेलो आहे कोण जाणे. मला फार लाज वाटते, ताई.

भावोजींना नमस्कार. थेंब विसरू नकोस.

तुझा भाऊ

ता. क. वर एक गोष्ट लिहायची राहिली. काल डॉक्टरीणबाईंकडे जाऊन मी सगळं सांगून टाकलं, डोळ्यापासून स्ट्रेचरपर्यंत. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? तिच्यासमोर सांगा, सगळ्यांच्या देखत."

दुसरा ता. क. तोडणारे आले आहेत. मी त्यांना बसवून ठेवलंय. (सहा माणसं, आणि त्यांची मजुरी मी देतोय.) गुरुवारी सकाळी दहा वाजता बाई, प्लंबर, वायरमन, एसीवाला, सगळे पत्र्याच्या खोलीत येणार आहेत. एकेक ठिपका मिटल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही, असं मी ठरवलं आहे. पण यंत्राचा डोळा मला फक्त मिटता येतो, उघडता येत नाही.

तिसरा ता. क. ताईला महिनाभर वाचायला बंदी आहे हे मला माहीत होतं. भावोजींना माझं अक्षर आजवर कधी लागलेलं नाही. तेव्हा हे पत्र पहिल्या ओळीपासून कोण वाचून दाखवतंय हे लिहायला बसतानाच मला माहीत होतं. टाचणे, तुझ्या नावाने लिहायला तीनदा बसलो, पण मायन्याच्या पुढे जाता येईना. चुकलो मी. गुरुवारी येशील का? तुझ्याबद्दल जे बोलायला हवं होतं ते मला उभा राहून बोलायचं आहे. आणि हे ता. क. ताईला वाचून दाखवू नकोस. मामाने सर्वांना नमस्कार लिहिलाय असं म्हण आणि पत्र घडी करून ठेव.

चौथा ता. क. बघितलंस, पुन्हा तेच केलं. तिसरा ता. क. वाच. सगळा, मोठ्याने, ताईला ऐकू जाईल असा. आणि वाचतेच आहेस तर हेही वाच, की ती बरणी मांजराने पाडली नव्हती.