सुमनच्या दगडावरचं हिरवं

पौष, रविवार, सांजचं

आज पिंकी आली अमरावतीवरून. माही नात, रसायनाचं शिकून राहिली. लय कवतिक वाटते बाप्पा! च्या पिऊन मले बांधावर घेऊन गेली, सुमनच्या दगडापाशी. सुमन माही लेक, पिंकीची आत्या. लग्न ठरलं अन् तापानं गेली. तिच्या नावाचा तांब्याचा पत्रा हाये त्या दगडावर, त्याच्याखाली हिरवे ओघळ.

पिंकीनं ओल्या कापसानं ओघळ पुसला, संगं आणलेल्या औषधाच्या बाटलीतले थेंब टाकले, तं कापूस निळाभोर! "पाय आजी, तांबंच व्हय. पावसानं पत्र्यावरून उतरलं. उद्या लेप लावून काढू."

"राहू दे वं."

"काहून? किती घाण दिसते!"

घाण? चुडा भराच्या आधी गेली माही पोरगी. दगडावर हिरवं दिसलं तईपासून मी समजत आली, भरला बाई माह्या लेकीनं चुडा. हे शिकलेल्या पोरीले कसं सांगावं? तरी सांगतलं. पिंकी हसली नाही. कापूस ठेवून देला. म्हणे, "मंग राहू देऊ आजी. आत्याचंच हाये ते."

गुणाची पोरगी. पण निंगताना मी मांगं वळून पायलं, तं मलेच चुडा दिसेना. तांबं दिसलं.