सहा बदामांना डबल

मामंजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लिहायला बसले आणि हात आपसूक पदराकडे गेला. हसू नका. तुमची पणती हल्ली फोनवर ब्रिज खेळते, अनोळखी लोकांशी, जेवता जेवता. काल मला विचारते, "आजी, समोरचे स्लॅम बोलले की आपण काय करायचं?" मी म्हटलं, आधी ताटातलं संपव, मग कान उघडे ठेव. पहिलं वाक्य माझं, दुसरं तुमचं.

तेव्हा तुमचा मुलगा बोटीवर, घरात आपण तिघंच. सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं नाही, मान वर करून बघायचं नाही, हा सासूबाईंचा कायदा. त्यात तुम्ही बंदर खात्यातून नुकते निवृत्त झालेले, ब्रिज शिकवायची भारी खुमखुमी, आणि शिकणारी चुलीकडे तोंड करून उभी! मग तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून एकेक डाव तोंडी सांगायचात आणि मी पाठमोरी, आंबोळ्या उलटता उलटता उत्तरं द्यायची. "अगो, तेरातले बारा हात करीन म्हणून तो छाती ठोकतोय. स्लॅम पाडायला तुम्हाला दोनच हवेत. कुठून आणशील?" मी म्हणायची, एक्का मारीन. "झालं! एक्का काय पळून जातोय? ते बोलीत काय काय बोलले, ते ऐकलंस का?" तोवर आंबोळी करपलेली असायची आणि सासूबाई म्हणायच्या, "आता ब्रिजच खा दोघं."

एक गोष्ट मात्र तुम्ही माझ्याकडून घोकून घेतलीत. "मी स्लॅमला डबल म्हटलं, म्हणजे 'पाडतोच, लावा गुण दुप्पट' असं आव्हान दिलं, तर पहिलं पान म्हणून तुला जी उतारी करावीशी वाटतेय ती करायची नाही. स्लॅम बोलणाऱ्याचा जोडीदार पहिल्यांदा जो रंग बोलला असेल, तो टाकायचा. तो रंग माझ्या हातात नाही, मी हुकमानं मारणार, असं समज."

त्या साली तुमच्या जोडीदाराची चिपळूणला बदली झाली आणि क्लबाच्या स्पर्धेला तुम्ही माझं नाव दिलंत. केवढा गहजब! बायकांनी फार तर चहा घेऊन यावं, असा तिथला रिवाज. चिटणीस म्हणाले, एक सामना बसू दे सुनेला. हरलात तर पुन्हा हा विषय नको. सासूबाई तर दोन दिवस तुमच्याशी बोलल्या नाहीत. सासऱ्यासमोर खुर्ची टाकून बसायचं म्हणजे काय! शेवटी त्या स्वतःच पानाचा डबा घेऊन आल्या आणि माझ्या खुर्चीमागे पहाऱ्याला बसल्या. मला मात्र खेळायचं होतं हो, अगदी जिवापासून. दिवसभरात तेवढं एकच काम असं होतं, ज्यात मला डोकं आहे असं कुणीतरी धरून चालत होतं.

शेवटच्या डावाला आपण थोडे मागे होतो. विरुद्ध जोडीतले वकीलसाहेब ऐटीत सहा बदाम बोलले, म्हणजे बदाम हुकूम आणि बारा हात, स्लॅमच. तुम्ही शांतपणे म्हणालात, "डबल." माझ्या हातात इस्पिकचे राजा-राणी. शेंबड्या पोरानंही राजाच टाकला असता. बघणाऱ्यांत कुणीतरी पुटपुटलं, म्हातारा चिडलाय. वकीलसाहेबांच्या जोडीदारानं पहिल्यांदा चौकट बोलली होती, आणि माझ्याकडेच चौकटची पाच पानं. म्हणजे तुमच्याकडे असणार कुठून? मी डोळे मिटून चौकटची पंजी टाकली. तुम्ही ती बदामाच्या दुर्रीनं मारलीत आणि लगेच किलवरचा एक्का वाजवलात. दोन हात झाले, स्लॅम आडवा!

वकीलसाहेबांनी पत्ते टेबलावर आपटले. "हातात राजा-राणी असताना ही उतारी कोण करतं? सासऱ्यानं डोळ्यांनी खुणावलं हिला!" हा आरोप टिकला असता तर माझं सोडाच, तुमचंही क्लबात जाणं बंद झालं असतं. तेवढ्यात मागून पान चघळत आवाज आला, "वकीलसाहेब, ही लग्न होऊन आली तेव्हापासून ह्यांच्या तोंडाकडे बघितलेलं नाही हिनं. ह्यांना मिशी आहे की नाही, विचारा बघू. सांगता यायचं नाही!" क्लब असा हसला की बाहेरचे टांगेवाले डोकावले. वकीलसाहेबसुद्धा हसत सुटले. पुढच्या वर्षी माझं नाव चिटणीसांनी आपण होऊन लिहिलं, आणि त्या दिवशी घरी परत येताना सासूबाईंनी मला पहिल्यांदा पानाचा विडा दिला.

हे पत्र लिहून झालं की फाडून टाकणार आहे. सासूबाई शंभरीला टेकल्या तरी अजून खणखणीत आहेत आणि घरात सापडेल तो कागद वाचतात. त्या दिवशी त्या बोलल्या ते पंजी टाकेपर्यंत अगदी खरं होतं. तुम्ही दुर्री मारलीत तेव्हा मात्र मी मान वर केली. त्या मागे बसलेल्या, त्यांना दिसलं नाही. तुम्ही माझ्याकडे बघून हसत होतात, आणि हसताना तुमच्या डाव्या गालाला खळी पडते हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर तुम्ही होतात तोवर, स्लॅम पडला की पत्ते गोळा करायच्या आधी मी तिकडेच बघायची.