सोमवारी मागच्या दाराने

प्रिय भिंगरी,

सगळ्यांत आधी आल्या त्या तुझ्या होणाऱ्या सासूबाई, आणि त्याही मागच्या दाराने! मी नाट्यगृहाच्या झालरींना इस्त्री करत होते, केस चिमट्यात, बाह्या कोपरापर्यंत वर, आणि दारात ही टापटीप बाई पर्स छातीशी धरून उभी. मला वाटलं नवीन गिऱ्हाईक. म्हटलं, ठेवा तिथे, गुरुवारी मिळतील. त्या म्हणाल्या, अहो, मी मुलाची आई. मी म्हटलं, मुलाचे असोत नाहीतर मुलीचे, कपडे गुरुवारीच मिळतील. तेवढ्यात मागून टॅक्सीवाल्याने दोन बॅगा आत ठेवल्या, बॅगांच्या मागून टोपीवाले गृहस्थ आले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

यायचे होते मंगळवारी. सासऱ्यांनी तिकीट आदल्या दिवसाचं काढलं आणि ते कळलं गाडीत बसल्यावर. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, पण दिवस मोजताना चुकले. तुझे आईबाबा कामावर, ते येणार संध्याकाळी. घरात मी आणि माझी इस्त्री. तू फोनवर म्हणाली होतीस ना, आजी, त्यांच्यासमोर जरा कमी बोल, आणि तुझ्या कामाचं काही काढू नकोस, मी सावकाश सांगेन. बाई गं, मी शब्द मोडला नाही. टॅक्सीवाल्याने मोडला. पत्ता बघून म्हणाला म्हणे, असं सांगा की, इस्त्रीवाल्या आजींकडे जायचंय! आणि सगळं शहर येतं तसं आणून सोडलं मागच्या दाराशी. आता हातात तापलेली इस्त्री धरून, मी घरीच असते, आराम करते, असं कुठल्या तोंडाने सांगू?

खोटं कशाला बोलू, घाबरलेच मी. तुमचं दोघांचं ठरलंय, पण आईवडिलांच्या होकाराशिवाय मुलगा पुढे पाऊल टाकणार नाही, हे तूच मला रडत सांगितलं होतंस. म्हटलं, म्हातारे, घातलास ना पोरीच्या सुखावर पाय! हात रिकामे राहिले की जीभ सुटते, म्हणून मी एक मोठी चादर घडी घालायला घेतली. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही, एक टोक लोंबतंच. आणि काय सांगू, सासूबाईंनी पर्स खुर्चीवर टाकली, न सांगता दुसरं टोक उचललं, ताणलं, झटकलं आणि टोकाला टोक लावत माझ्यापर्यंत चालत आल्या. चाळीस वर्षांत इतकी सरळ घडी घालणारी बाई मला दुसरी भेटली नाही. तेव्हाच मी मनात तुझं लग्न लावून टाकलं. राहता राहिले सासरे.

ते फुरंगटून बसले होते. खिशात एक छापील कागद, ‘शहरात काय पाहाल’, त्यावर दहा ठिकाणं, आणि खाली बारीक अक्षरांत, सर्व ठिकाणं सोमवारी बंद. वर पुन्हा लिहिलेलं, अर्धा दिवस पुरेसा! कोण शहाणा लिहितो असलं? चपलेचा बंद तुटला तर इथे अर्धा दिवस चांभार गाठण्यातच जातो. मी म्हटलं, बंद आहेत ती पुढची दारं. मागच्या दारांचं कागदात काही लिहिलंय का? त्यांनी खरंच कागद उलटून बघितला, इतके सरळ आहेत बिचारे. मग मी पोचवायच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं. गाठीचा एक कान मी धरला, दुसरा सासूबाईंनी, आणि निघालो. तुझा कमी बोल हा सल्ला मी त्या झालरींतच गुंडाळून ठेवला.

सोमवारीच तर शहर खरं जागं असतं गं. इतर दिवशी ते पाहुण्यांसाठी नटतं, सोमवारी न्हातं, केस विंचरतं. संग्रहालयात तुझं ते पेंढा भरलेलं अस्वल खाली उतरवलं होतं आणि झाडूवाली त्याचे दात ब्रशने घासत होती. म्हणाली, आजी, हा एकच नवरा, तोंड उघडं ठेवूनही उलट बोलत नाही. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना बाकावर बसवावं लागलं. तळ्यावर होड्या पालथ्या घालून रंगवणं चाललं होतं. बदकाच्या होडीचा एक डोळा रंगाऱ्याने सासूबाईंकडून रंगवून घेतला. जरा तिरळाच झाला, पण रंगारी म्हणाला, असू दे, बदक आता दोन्ही काठांवर लक्ष ठेवेल. नाट्यगृहात दिवेवाला नवे दिवे तपासत होता, त्याला रंगमंचाच्या मध्यावर उभं करायला कुणीतरी हवं होतं. सासरे उभे राहिले. उजेड अंगावर पडला, समोर नऊशे रिकाम्या खुर्च्या, आणि या गृहस्थांनी टोपी काढून गाणं म्हटलं! अख्खं गाणं, भिंगरी. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, लग्नाआधी म्हणायचे, नंतर कुणी म्हणा म्हटलंच नाही. मी म्हटलं, आता म्हणा म्हणत जा. माझी टाळी सगळ्यांत मोठी होती, झाडूवालीला रस्त्यापलीकडे ऐकू गेली म्हणे.

शेवटी घड्याळाचा मनोरा. एकशे अठरा पायऱ्या, मी तीनदा बसले, सासरे चारदा, हे ते कबूल करणार नाहीत. घड्याळवाला दर सोमवारी किल्ली देतो, तुला आठवतं ना, दोन हातांनी फिरवायचा तो मोठा दांडा. त्याचे सदरे त्याच्या हवाली केले आणि वळून बघते तर सासरे भिंतीशी नाक लावून उभे. तिथे तुझी उंची आहे. चार वर्षांची, पाच, सहा, करत दहापर्यंत, प्रत्येक खुणेपुढे खडूने तुझं नाव आणि वय. घड्याळवाल्याने भिंतीला दोनदा चुना लावला, पण तेवढा पट्टा सोडून. मोजणारा माणूस, त्याचा हात आपोआप टेपकडे गेला. सगळ्या खुणा मोजल्या आणि विचारलं, दहानंतर थांबल्या कशा? मी म्हटलं, अभ्यास वाढला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

मग सासऱ्यांनी घड्याळवाल्याकडे खडू मागितला. तुझ्या खुणांच्या शेजारी टेप धरून वर एक रेघ मारली आणि म्हणाले, पाच फूट नऊ, आमचा मुलगा. आता राहू द्या दोघं शेजारी. भिंगरी, अगदी त्याच वेळी डोक्यावर बाराचे टोले पडले! मनोरा हलला, कबुतरं उडाली, सासूबाई कानांवर हात ठेवून हसतायत, आणि मी त्या ठणठणाटात मोठ्याने ओरडून घेतलं, जिंकलो म्हणून. कुणाला ऐकू गेलं नाही. उतरताना सासऱ्यांनी कागदावरचं ‘अर्धा दिवस पुरेसा’ पेन्सिलने खोडलं. म्हणाले, ही मोजणी साफ चुकलेली आहे.

संध्याकाळी आईबाबांनी तुला होकाराचं सांगितलंच असेल, त्यासाठी पत्र नको होतं. माझी शाळा चौथीपर्यंत, एवढं लिहायला मला तीन दुपारी लागल्या, त्या दुसऱ्याच गोष्टीसाठी. तू दहा वर्षांची असताना तुमच्या वर्गाची सहल संग्रहालयात आली होती, पुढच्या दाराने. मी मागून गाठोडं घेऊन आत आले आणि तुला हाक मारली. तू अस्वलाकडे बघत राहिलीस. मी दुसरी हाक मारली नाही. त्यानंतर तू माझ्याबरोबर कधी निघाली नाहीस आणि आपण दोघी कधी त्यावर बोललो नाही. मला राग नव्हता गं, आजही नाही. दहा वर्षांचं पोर, चार मैत्रिणी बाजूला, त्याने तरी काय करावं? पण फोनवर तू कामाचं काढू नकोस म्हणालीस तेव्हा कळलं, तू अजून त्या अस्वलापुढेच उभी आहेस. आता सरक तिथून. त्यांना सगळं कळलंय, आणि सासूबाई गाठोड्याचा कान धरून सगळ्या गावातून मिरवल्यात. पुढच्या खेपेला तो कान तू धर. घड्याळवाल्याने खडू जपून ठेवलाय, तुझी आताची उंची त्या पाच फूट नऊच्या किती खाली येते ते सासऱ्यांना मोजायचंय. ते दोघं मुलालाही घेऊन येतायत, येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी, सकाळी नऊला, मागच्या दाराने.

तुझीच,
इस्त्रीवाली आजी